मे महिन्यातलं पाखरू

मधू माझा भाऊ. ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी तो मारेगावात वारला. सकाळी कॉलेजला निघताना तो घराच्या पायरीवर बसला आणि उठला नाही. घरमालकीणबाईंनी शेजाऱ्यांना बोलावलं. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि घरी न्यायला सांगितलं. मला फोन दुपारी आला. मी तेव्हा साताऱ्यात, ग्रंथालयात कामावर होते.

त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला गाडीतून साताऱ्याला आणलं. त्यामुळे तो जिथे राहत होता, शिकवत होता, ते गाव मी तेव्हा पाहिलं नाही. जानेवारीत पाहिलं. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा कापसाचा भाग मुद्दाम बघायला कुणी जात नाही. मीही गेले नसते. पण सविता राठोडचा फोन आला. ती त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि दोन वर्षं मधूबरोबर काम करत होती.

"ताई, सरांचं मॉडेल आहे ना, त्याचा कार्यक्रम ठेवलाय. तुम्ही यायला पाहिजे. आणि मला एक विचारायचंही आहे."

"विचारा की."

"फोनवर नाही जमणार. दाखवावं लागेल."

मॉडेल कसलं, हे मला साधारण ठाऊक होतं. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचा जो पतंग होतो, तिकडे ज्याला पाखरू म्हणतात, त्याच्या मादीच्या पोटातल्या अवयवांची मोठी प्रतिकृती. नातेवाईक विचारायचे तेव्हा मी "कापसाच्या किडीवर संशोधन करतो" एवढंच सांगत असे. मादीच्या जननमार्गात द्रव कसा वाहतो याचा अभ्यास करायला तो रबराच्या नळ्या जोडत बसतो, हे आमच्याकडच्या हळदीकुंकवात सांगता येण्यासारखं नव्हतं. मला स्वतःलाही ते नीट समजलेलं नव्हतं.

करंजीच्या पुढे

यवतमाळहून वणीकडे जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर तुरीच्या शेंगांची पिशवी. करंजी मागे पडल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"कोठून आले बाई तुमी?"

"साताऱ्याहून."

"अवं माय! लय दूर. लग्नाले?"

"नाही. भाऊ होता माझा मारेगावला. कॉलेजात शिकवायचा. तो वारला."

 त्यांनी पिशवीतून मूठभर शेंगा काढून माझ्या हातात दिल्या. "खा. कवळ्या हायेत." आमच्याकडे अशा वेळी लोक डोक्यावरचा पदर नीट करतात, "वाईट झालं" म्हणतात आणि विषय बदलतात. इथे हातात शेंगा आल्या. त्या कच्च्याच खायच्या की घरी नेऊन उकडायच्या, ते मला कळेना. मी दाणे सोलून ओंजळीत धरून बसले. बाईंनीच शेवटी हसून एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकून दाखवला.

खिडकीबाहेर कापूस होता. आमच्या बाजूला ऊस उंच, त्यामुळे रस्त्यावरून जाताना शेतात काय चाललंय ते दिसत नाही. इथे सगळं दिसतं. कमरेएवढी झाडं, त्यांत वाकलेल्या बायका, त्यांच्या पोटाशी बांधलेली फडकी फुगत चाललेली. मध्येमध्ये तुरीच्या ओळी. आणि काही शेतांत काठ्यांना लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या लांबट पिशव्या. त्या कशासाठी, हे मी विचारलं.

"ते कामगंध सापळे. मादीचा वास लावून ठेवते त्याच्यात. नर येते अन् फसते."

"आणि मादी?"

"मादीले काय फरक पडते? ते आपली अंडे घालून राह्यते."

मारेगाव

मधूच्या घरमालकीणबाई, गिरजाबाई, यांचं घर बसस्टँडपासून चालत जाण्यासारखं आहे. पुढे दोन खोल्या त्यांच्या, मागची एक मधूची. घरची कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती आहे आणि ती त्या स्वतः बघतात. साठीच्या, उंच, आवाज मोठा. मला बघताच त्यांनी गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. मी तशी कुणाच्या गळ्यात पडत नाही. माझे हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून मी पिशवी घट्ट धरून उभी राहिले. मग त्या एकदम थांबल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चाला, हात-पाय धुवा. सोले-वांगे केले. सरले लय आवडे."

सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. वांग्याबरोबर त्यांची झणझणीत भाजी, ज्वारीची भाकर, आणि वर भुरका, म्हणजे लसूण-तिखट तेलात परतलेलं. आम्ही साताऱ्याचे लोक स्वतःला तिखट खाणारे समजतो. पहिल्या घासाला मला ठसका लागला. मधूला घरी आमटीतली मिरचीही बाजूला काढायची सवय होती. हे त्याला आवडायचं?

"दोन भाकरी खात," गिरजाबाई म्हणाल्या. "अन् वरतून भुरका मांगत."

मला वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. मुक्कामात हे पुन्हा पुन्हा झालं. त्यांचे सर चौकात उभे राहून मोठ्यानं हसायचे, पोळ्याला बैलांना रंग लावायला पुढे असायचे. आमचा मधू लग्नाच्या जेवणावळीत कोपरा शोधायचा. दोघांना एकत्र कसं करायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सविता मला कॉलेजच्या मागच्या खोलीत घेऊन गेली. वर पत्रे, एक खिडकी, भिंतीला जुनी बाकं लावलेली. थंडी एवढी की मी शाल डोक्यावरून घेतली होती. टेबलावर मॉडेल होतं.

ते काहीसं एखाद्या वाद्यासारखं दिसत होतं. पारदर्शक सिलिकॉनच्या दोन पिशव्या. एक मोठी, दुधीभोपळ्याएवढी. दुसरी लहान, लिंबाएवढी, जरा उंचावर. दोन्हींना जोडणारी बोटभर जाडीची नळी, मध्ये एक मोठं वळण. ते वळण करण्यासाठी मधूनं आधी मेणाची नळी बनवली होती, तिच्याभोवती सिलिकॉन ओतलं होतं आणि मग सगळं गरम पाण्यात ठेवून मेण वितळवून काढलं होतं. मोठ्या पिशवीवर दाबणारी आणि उठणारी एक पत्र्याची पट्टी होती. तिला वणीच्या भंगारवाल्याकडची जीपच्या वायपरची मोटर जोडलेली होती. सगळ्यात ग्लिसरीन भरलेलं.

"ही मोठी पिशवी," सविता म्हणाली. "नर इथे वीर्य भरून जातो. ही लहान, शुक्रकोश. मादी इथे साठवून ठेवते. अंडी घालताना लागेल तसं वापरते. नर एकदाच येतो, त्यानंतर तो असो-नसो. प्रश्न एवढाच की इथून तिथपर्यंत ते जातं कसं?"

"पोहत?"

"सगळे तसंच म्हणतात. सरांचं म्हणणं, पोहायची गरज नाही. पोटाचे स्नायू आखडतात आणि सैल पडतात. नळीच्या वळणामुळेच द्रव पुढे पुढे सरकतो. बाकी काही लागत नाही."

मला मे महिन्यातला फोन आठवला. दुपारची वेळ. मधू ओरडतच बोलत होता. "ताई, चढलं! वर चढलं!" मी विचारलं, कोण चढलं? तो हसत सुटला. त्याला एवढं हसताना मी लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. "पाणी गं. आपोआप चढलं." मी "छान" म्हणाले. काय छान, ते ठाऊक नव्हतं.

"बघा आता," म्हणून सवितानं इंजेक्शनच्या सुईनं नळीत लाल शाईचा एक थेंब सोडला आणि बटण दाबलं.

पट्टी खाली आली. थेंब ताणला जाऊन लांब धागा झाला, वळणापर्यंत गेला, वळला, लहान पिशवीच्या तोंडाशी पोचला. मी पुढे झुकले. पट्टी उठली. धागा मागे आला, आखूड झाला, जाड झाला, आणि पुन्हा तिथेच, तसाच, थेंब होऊन बसला. कडाही जवळजवळ तशाच.

मी म्हणाले, "पुन्हा करा."

तिनं पुन्हा केलं. गेला आणि आला. शाई पाण्यात सोडली तर ती पसरते आणि संपते, एवढंच मी जन्मभर पाहिलं होतं. विस्कटलेला थेंब उलट्या वाटेनं गोळा होऊन पूर्वीसारखा होतो, हे डोळ्यांना खरं वाटेना. मी तिला आणखी करायला लावलं. किती वेळ ते ध्यानात नाही. मला तिथून उठवत नव्हतं.

शेवटी सवितानं मोटर बंद केली.

"ताई, तुम्हाला हे छान वाटतंय. पण गेलेलं परत येतंय म्हणजे पंप फेल आहे. काहीच चढत नाहीये."

वावरात

त्या दुपारी गिरजाबाईंनी मला वावरात नेलं. कापूस वेचणीची शेवटची फेरी चालली होती. त्यांनी झाडावरचं एक न उमललेलं बोंड तोडलं, दगडावर ठेवून फोडलं आणि मला दाखवलं. आत कापसाच्या ओल्या पाकळीत एक गुलाबी अळी वळवळत होती. एवढीशी, आणि रंग एवढा नाजूक की तिला कीड म्हणावंसं वाटेना.

"हे पाहा सरची लाडकी," त्या म्हणाल्या. वेचणाऱ्या बायका हसल्या.

"सर येत अन् पाखरं मांगत. म्या म्हनलं, सर, लोक पाखरं मारून राह्यले, तुमी पाळून राह्यले! तर म्हनत, मावशी, तिच्या पोटात काय चालते ते समजलं ना, तर बिनफवारणीची तिची पोरं बंद करता येतीन. म्या म्हनलं, मंग लवकर समजा बावा."

"अन् समजलं ना त्याइले!" एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "जिलबी वाटली होती नाई का उन्हाया‌त?"

"वाटली तर. आख्ख्या गल्लीले. पाखराच्या पोटासाठी जिलबी वाटनारा मानूस म्या पहिलाच पाह्यला."

त्या सगळ्याजणी हसल्या आणि मीही हसले.  पण मी सकाळी काय पाहिलं होतं, ते यांना सांगायचं का? जे मला नीट समजलं नाही, ते मी कसं सांगणार? फोडलेलं बोंड हातात धरून मी उभी होते. ते टाकावं की अळी मारावी, तेही कळेना. गिरजाबाईंनी माझ्या हातातून घेतलं आणि चपलेखाली चिरडलं.

राजूर

ग्लिसरीन कमी पडत होतं म्हणून सविता आणि मी तिच्या स्कूटीवरून वणीला गेलो. येताना ती म्हणाली, राजूरच्या वाटेनं जाऊ, तिथे तिच्या मैत्रिणीला एक पुस्तक द्यायचं होतं. ग्लिसरीनचा डबा मी मांडीवर धरला होता. राजूरला रस्त्याच्या एका बाजूला कोळशाची काळी धूळ आणि दुसऱ्या बाजूला चुनाभट्ट्यांची पांढरी. झाडांची पानं कुठल्या बाजूला आहेत यावर त्यांचा रंग ठरलेला. कोळशाचा एक ट्रक जवळून गेला, स्कूटी खड्ड्यात आदळली आणि डब्याचं झाकण सैल झालं. मला मांडीवर गार लागलं तेव्हा उशीर झाला होता. शाल, साडी, सगळं चिकट. त्यावर धूळ येऊन बसली, काळी आणि पांढरी.

सविता मागे वळून बघून एवढी हसली की तिला स्कूटी थांबवावी लागली. "ताई, आता तुम्ही पण आमच्या मॉडेलमधल्याच!"

चहाच्या टपरीवर पाणी घेऊन मी शाल धुवायला बसले. ग्लिसरीन पाण्यात जातं, पण सावकाश, बोटांतून निसटत. तेवढ्यात तिनं जे विचारायचं होतं ते विचारलं.

"सरांनी लेख लिहून ठेवलाय. पुरा. फक्त पाठवायचा बाकी होता. त्यात मे महिन्यातले प्रयोग आहेत. वळणामुळे द्रव चढतो, असं. मी दिवाळीनंतर परत करून पाहिलं, पाठवायच्या आधी एकदा म्हणून. नाही चढला. मला वाटलं, माझं काही चुकतंय. मोटर बदलली, नळी बदलली. नाही चढला. मग एक दिवस दुपारी मॉडेल खिडकीजवळ उन्हात राहिलं होतं. चढला."

"उन्हामुळे?"

"ग्लिसरीन गरम झालं की पातळ होतं. मे महिन्यात त्या पत्र्याखाली काय भाजतं, तुम्हाला कल्पना नाही. सुट्टीत सरांना वेळ असायचा, म्हणून ते तेव्हाच करायचे. कूलर नाही, काही नाही. आमच्या इथे उन्हाळा म्हणजे उन्हाळाच. कुणाच्या डोक्यातच आलं नाही की द्रवाचं तापमान मोजावं."

ग्लिसरीन पातळ होतं हे मला लगेच कळलं. पाक निवला की घट्ट होतो आणि तापला की सैल पडतो, ते आपण रोज पाहतो. पण त्यानं एवढं काय बिघडलं?

"मग उन्हात चढतं, तर उन्हातलं खरं धरा," मी म्हणाले. "पाखरू काही थंडीतच असतं असं नाही."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "ताई, पाखरू किती लहान आहे. त्याची ती नळी केसाहून बारीक. एवढ्या बारीक जागेत साधं पाणीही घट्ट पाकासारखं वागतं. म्हणून तर मोठं मॉडेल करताना आपण घट्ट द्रव भरतो, म्हणजे हिशेब जुळतो. द्रव पातळ झाला की हिशेब मोडला. पातळ द्रव वळणावर भोवरे धरतो, आला त्या वाटेनं परत जात नाही, म्हणून पुढे सरकतो. सरांनी जे पाहिलं ते खोटं नाही. पण ते या पाखराचं नाही. मॉडेलएवढं मोठं पाखरू असतं ना, तर त्याच्या पोटात तसं झालं असतं."

 म्हणजे मधूनं एका अशा पाखराची गोष्ट शोधून काढली होती जे कुठेच नाही. जे फक्त मे महिन्यात, मारेगावात, पत्र्याच्या खोलीत होतं.

"तुमची खात्री आहे?"

"नव्वद टक्के. नाही, तसं पण नाही. कधी वाटतं आहे, कधी वाटतं सरच बरोबर असतील आणि मला थंडीत काही दिसत नसेल. मी त्यांच्या हाताखाली शिकले, ताई. माझ्या तांड्यातून, पुसदच्या बाजूनं, मी पहिली मुलगी एवढी शिकून आले. घरी याडीला, म्हणजे आईला, अजून वाटतं मी शाळेत शिकवते. सरांनी मला प्रयोगाला उभं केलं. आता मीच म्हणू का की सर चुकले?"

"मला कशाला विचारता?"

"नाव त्यांचं आहे. त्यांचं दुसरं कोण आहे? तुम्ही म्हणाल तसं. पाठवू की थांबवू?"

 मी शाल पिळत राहिले.

पुन्हा मारेगाव

ग्रंथालयात काही जुन्या पुस्तकांना शेवटी एक पातळ कागद चिकटवलेला असतो. शुद्धिपत्र. अमुक पानावर अमुक ओळ, अशुद्ध, शुद्ध. मला ते कागद नेहमी आवडत आले आहेत. लिहिणारा माणूस पुस्तक छापून झाल्यावरही त्याच्या मागे धावत गेला, असं त्यात दिसतं. मधूच्या खोलीत बसून मी हाच विचार करत होते. लेख गेला आणि चूक निघाली, तर मागे धावायला तो नाही. म्हणून थांबवावा. पण लगेच उलटंही वाटायचं. तो नाही, म्हणूनच जाऊ द्यावा. त्याचं छापून आलेलं असं एवढंच असेल. कुणी वर्षानुवर्षं ते तपासणारही नाही. आणि मधू फोनवर हसला होता, ते हसणं तरी तसंच राहील.

दोन्ही बाजू मला सारख्याच खऱ्या वाटायच्या. त्या दिवसांत मला दुसरंही काही ठरवता येत नव्हतं. त्याचे स्वेटर इथे कुणाला द्यावेत की घरी न्यावेत, तेसुद्धा.

कार्यक्रमाच्या सकाळी प्राचार्य घरी आले. सज्जन माणूस, मधूबद्दल बोलताना त्यांचा आवाज जड होत होता. सवितानं त्यांना सगळं सांगितलेलं होतं.

"ताई, मी एक सुचवतो. गावातले लोक येणार, शेतकरी येणार. त्यांना कुठं हे घट्ट-पातळ समजावत बसायचं? कार्यक्रम दुपारी गच्चीवर घेऊ. उनात मॉडेल ठेवू. मस्त चालते. सरचा मान राह्यते, लोकाइले पाहायले भेटते. लेखाचं मंग सावकाश पाहू."

"अन् काय वाईट हाय त्याच्यात?" गिरजाबाई चहा देत म्हणाल्या. "सरनं बी उनातच पाह्यलं ना?"

मला ते पटलं. खरंच पटलं. मी "बरं" म्हणाले. मला ते चढताना पाहायचंही होतं. मधूनं जे पाहिलं ते मी पाहिलेलं नव्हतं.

दुपारी गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. एका कोपऱ्यात पाण्याच्या टाकीची सावली होती, बाकी सगळीकडे ऊन. मॉडेल उन्हात, पांढऱ्या चादरीवर. शेजारी मधूचा फोटो, हार घातलेला. मुलं, मास्तर, फेटे-टोप्यांतले शेतकरी, वावरातल्या त्या बायकाही. भाषणं झाली. मग सविता उठली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शाईची सुई हातात घेतली. 

मधू आयुष्यभर घरात कुणाशी भांडला नाही. पण लहानपणी माझं एक गणित मोठ्यांनी "बरोबर" ठरवलं होतं, तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता, कारण ते चूक होतं. तेव्हा मला त्याचा राग आला होता. बरोबर म्हणतायत तर म्हणू दे. हे मला त्या क्षणी आठवलं म्हणून मी उठले, असं आता लिहायला सोपं आहे. खरं म्हणजे मी का उठले ते मला माहीत नाही. समोरच्या मुलीला माझ्या भावाच्या फोटोशेजारी उभं राहून तिचा विश्वास नसलेली गोष्ट दाखवायला लागणार होती. मी तिच्याजवळ गेले.

"सावलीत घ्या," मी म्हणाले.

"ताई?"

"टाकीच्या सावलीत. निवू द्या. मग चालवा."

प्राचार्य अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. दोन मुलांनी टेबल सावलीत सरकवलं. मॉडेल निवेपर्यंत लोकांना काय करावं कळेना. कुणी शेंगदाणे काढले. एक म्हातारे गृहस्थ झोपले. सवितानं तेवढ्या वेळात सगळं सांगितलं. घट्ट, पातळ, मे महिना, पत्रे. सोप्या शब्दांत सांगितलं, तरी बऱ्याच जणांच्या तोंडावर माझ्यासारखाच गोंधळ होता.

मग तिनं शाई सोडली. धागा गेला, वळला, तोंडाशी पोचला, आणि परत आला.

"आलं ना वापस!" मागून कुणीतरी म्हणालं. मुलं हसली.

"येतंच," सविता म्हणाली. "थंडीत येतंच."

पुढच्या रांगेतला एक शेतकरी उठला. "मॅडम, मंग पाखराच्या पोटात ते वर जाते कसं?"

"माहीत नाही, भाऊ. वळणामुळे नाही, एवढं आज वाटतं."

"म्हंजे आमची फवारणी चालूच राहीन."

"सध्या तरी."

तो खाली बसला. कार्यक्रम तसा पडलाच. प्राचार्यांनी आभार मानले आणि लोक जिन्यावरून उतरायला लागले. गिरजाबाई मात्र माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"म्हंजे सर लबाड बोलले म्हनता? सख्खी बहीन असून?"

"नाही हो. लबाड नाही. त्याला जे दिसलं ते तो बोलला."

"मंग हे कायले केलं इतक्या लोकाइत?"

 मी म्हणाले, "तो असता तर त्यानंच केलं असतं." असं मला वाटतं. खात्री नाही. इथले सर कसे होते, ते मला काय माहीत?

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा मात्र गिरजाबाईंनी एका डब्यात भुरका भरून दिला. "घरी खाजा. ठसका लागन, लागू द्या."

साताऱ्याला येऊन आता काही आठवडे झाले. मधूचे स्वेटर मी तिथेच दिले आणि पुस्तकं आणली. लेख पाठवलेला नाही. सवितानं नळीच्या आत एक पातळ पडदा बसवला आहे. तो एकाच बाजूला उघडतो. पाखराच्या पोटात असा पडदा असतो का, हे तिला अजून सापडलेलं नाही. ती आता प्रत्येक वेळी द्रवाचं तापमान मोजते. परवा तिचा फोन आला होता. थोडं सरकलं, पण चढलं नाही, म्हणाली.

मॉडेल कॉलेजच्या मागच्या खोलीत आहे. मधूचं उत्तर चुकलं होतं. ते वर कसं जातं, हे आम्हाला माहीत नाही.